जावयानं सोडलेली वाट

"दुकानातला दोरा हा," हानाबा पुटपुटली. "मेंढीच्या अंगावरून उतरला नाही त्या दोऱ्याला लाज कुठली? गाठ धरेल तर शपथ."

शेगडीशी भाकरी थापत बसलेल्या लेकीला, आर्लिनला, ऐकू जावं एवढाच तिचा आवाज होता. म्हणजे कुणाला सांगितलं असं नको व्हायला, आणि कुणी ऐकलं नाही असंही नको. म्हातारी कमरेच्या पट्ट्याला चांदीची घंटी बांधत होती. रोज सकाळी बांधायची. गेल्या पावसाळ्यापासून ज्यांच्यासाठी ती वाजायची ते कान घरात उरले नव्हते, तरी बांधायची.

अमेरिकेतल्या वाळवंटात मेंढ्या राखणाऱ्या दिने लोकांत सासूला जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळी 'जिच्याकडे बघायचं नाही ती'. जावयानं सासूचं तोंड पाहिलं तर त्याचे डोळे जातात म्हणे. डोळे राहिले तरी लाज जाते, आणि ते जास्त वाईट. म्हणून जुन्या वळणाच्या सासवा घंटी बांधतात. वाजली की जावई वाट सोडून आडोशाला होतो, सासू पुढे निघून जाते, आणि दोघांचा मान दोघांपाशी राहतो.

हानाबाची घंटी जावयानं स्वतःच घडवली होती. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एक चांदीचं नाणं ठोकून. आर्लिनच्या हाती ती पाठवताना त्यानं निरोप दिला होता, सासूबाईंना सांग, जावई भला आहे, पण त्याला इतक्यात आंधळा करू नका, अजून पुष्कळ घोडे बघायचे राहिलेत. म्हातारी त्या निरोपावर वसंत येईपर्यंत हसत होती.

पुढे सगळा संसार असाच चालला. एकमेकांचं तोंड न बघता त्या दोघांनी जेवढं भांडून घेतलं तेवढं नवराबायकोंनी समोरासमोर भांडून होत नाही. छप्पर गळायला लागलं की हानाबा कुत्र्याला सांगायची, "बाबा रे, या घरात एखादा पुरुष असता तर बरं झालं असतं." भिंतीपलीकडे बसलेला जावई त्याच कुत्र्याला सांगायचा, की बाबा रे, मेंढीची बरगडी जरा जास्त वाढली असती तर पुरुषाला शिडी चढायचं बळ आलं असतं. कुत्रं दोघांचंही ऐकून घ्यायचं. बाकीचे निरोप आर्लिन पोचवायची. लेकीचं अर्धं आयुष्य आईचं नवऱ्याला आणि नवऱ्याचं आईला सांगण्यात गेलं होतं. ती कुरकुरायची, पण ते तिला आवडायचं.

आता त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. गेलेल्याचं नाव घेत नाहीत, नाहीतर तो वळून बघतो. पण तो गेला असंही कुणी म्हणत नव्हतं. त्याचं खोगीर आढ्याला टांगलेलं होतं, सदरा खुंटीवर होता. गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात ठेवत नाहीत, चार दिवसांचं सुतक धरून मोकळे होतात. इथं वर्ष झालं, सुतक धरलंच गेलं नव्हतं, त्यामुळे सुटलंही नव्हतं.

झालं होतं ते असं. गेल्या पावसाळ्यात हानाबा मेंढ्या घेऊन कोरड्या नदीतून येत होती, आणि समोरून जावई घोड्यावर येत होता. ऊन स्वच्छ पडलं होतं. हानाबा पुढं निघून गेली, आणि मागं नदीला लोंढा आला. संध्याकाळी पाणी ओसरल्यावर घोडा खूप खाली चिखलात सापडला. माणूस सापडला नाही. दुसऱ्या दिवशी वॉलेसमामा, हानाबाचा धाकटा भाऊ, काठावरच्या उंच वाळूतले माग बघत गेला. मेंढ्यांचे माग खालून वर येत होते, घोड्याचे वरून खाली. मग एका ठिकाणी घोड्याचे माग नीट काटकोनात वळून उजव्या हाताच्या घळीत शिरले होते. त्या घळीत गवत नाही, झरा नाही, सावली सोडून काही नाही. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, आणि वर आभाळाची चिंधी दिसते. उत्तरेच्या पठारावर पाऊस झाला की ते पाणी सगळं तिथूनच येतं. तिथं माणूस शिरावा असं एकच कारण होतं, आणि ते कारण तेव्हा मेंढ्या हाकत, घंटी वाजवत समोरून येत होतं.

मामा घरी आला, कॉफी प्याला, आणि म्हणाला की माग पुसून गेलेत. आर्लिननं त्याच्याकडे बघितलं, त्यानं कपाकडे बघितलं. त्याच क्षणी तिला कळलं. पुढं सगळ्यांनाच कळलं. म्हातारीसमोर कुणाच्या तोंडून ब्र निघाला नाही, कारण तो मेला म्हणायचं तर कशानं मेला हेही म्हणावं लागलं असतं.

आणि हानाबा रोज त्या घळीवरून जायला लागली. मेंढ्यांना त्या बाजूला चारा नव्हता, तरी. घळीच्या तोंडाशी आली की पट्टा हलवून घंटी वाजवायची आणि मागं न बघता पुढं चालत राहायची, टेकाडापार, कधीकधी पार दिसेनाशी होईपर्यंत. आर्लिनला वाटायचं, आईच्या जिवाला ओढ लागलीय, बोलवायला जाते. पण हिवाळ्यात एकदा म्हातारी पाय सुजवून, अंधार पडता पडता घरी आली, आणि पायांवर गरम पाणी ओतणाऱ्या लेकीला सहज म्हणाली, "बहुतेक अजून मी पुरेशी लांब गेले नाही."

आर्लिनच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. आई त्याला बोलवायला जात नव्हती. तो घळीत आडोशाला उभा आहे, सासू नजरेआड झाल्याशिवाय बाहेर येणार नाही इतका तो रीतीचा आहे, असं तिनं धरलं होतं. म्हणून ती लांब लांब जात होती, त्याला बाहेर येता यावं म्हणून.

त्या दिवशीच सांगायला हवं होतं. आर्लिननं पाण्यात थोडं मीठ घातलं आणि सांगितलं नाही.

आता पुन्हा पावसाळा आला होता, नरपावसाचा महिना, गडगडत येऊन कुणाचं न ऐकणाऱ्या. घंटीची गाठ एकदाची बसली आणि हानाबा उठली. आर्लिन म्हणाली की आज उत्तरेला काळं दिसतंय, आज राहू दे. म्हातारी म्हणाली, "काळं तर तुझ्या भाकरीलाही दिसतंय, म्हणून मी खायची राहिले का?" आणि करपलेला घास तोंडात टाकून गेली.

मेंढ्या दुपारी आपल्या आपणच परत आल्या. त्यांच्याबरोबर घंटी आली नाही.

आर्लिन धावत निघाली. आभाळ अजून निळं होतं, फक्त उत्तरेच्या पठारावर राखेसारखा पडदा लोंबत होता. नदीच्या दोन्ही अंगांना ते तांबडे दगड उभे होते, वाऱ्यानं कोरलेले, डोक्यावर चपटी शिळा, अंगाला पट्टे. लहानपणी आई सांगायची, ही वाळूच आहे ग, वाऱ्यानं आणली, पाण्यानं बांधली, आता दोघं मिळून परत नेताहेत, घाई नाही त्यांना. तेव्हा आर्लिनला ते दगड घोंगड्या पांघरलेली माणसं वाटायचे. या वर्षी तिच्या लक्षात आलं होतं की ही माणसं सगळी पाठ फिरवून उभी आहेत. कुठल्याही बाजूनं जा, पाठच दिसते. एवढ्या मोठ्या रानात कुणीतरी आत्ताच वाट सोडून बाजूला झालंय, आपण पुढं जाण्याची वाट बघतंय.

हानाबा घळीच्या तोंडाशी, वाळूत, घळीकडे पाठ करून बसली होती. पाय लांब केले होते. तिच्यामागं भिंतींमध्ये, माणसाच्या डोक्याच्याही वर, गेल्या पुरात अडकलेला एक ओंडका आडवा बसला होता, त्याला वाळलेलं गवत केसांसारखं लोंबत होतं.

"पाय चालेनात," ती म्हणाली. "आता मी लांब जाऊ शकत नाही. तो बिचारा आत किती दिवस उभा राहणार?"

"आई, ऊठ. पाणी येतंय."

"ऐक." म्हातारीनं पट्टा हलवला. घंटी वाजली. मग घळीनं ती आत घेतली, वळणावळणानं फिरवली, आणि खूप वेळानं परत दिली, जाड आवाजाची, जणू आत दुसरंच कुणी दुसरीच घंटी वाजवतंय. आवाज विरला, आणि त्याच्यामागून आतून गार वारा आला. ओल्या मातीचा वास होता त्याला. असा वारा पाण्याच्या आधी येतो, पाणी त्याला ढकलत आणतं, हे तिथल्या मेंढरांनाही माहीत आहे.

तिनं आईच्या काखेत हात घातला. म्हातारीचं वजन सुक्या जुनिपरच्या फांदीएवढं, पण तिनं वाळू सोडली नाही.

"मला त्याच्याशी बोलता येत नाही," हानाबा म्हणाली. "तू बायको आहेस. तू सांग त्याला. म्हणावं, म्हातारी गेली, बघ, दिसत नाही आता, ये बाहेर. मी डोळे मिटते." आणि तिनं खरंच डोळे मिटले, दोन्ही तळवे त्यांच्यावर ठेवले, लग्नातल्या नव्या सासूसारखे.

एवढी वर्षं निरोप पोचवले होते. हा एक शेवटचा. आर्लिन घळीकडे वळली. लाटा गोठाव्यात तशा भिंती, तांबड्या, मग जांभळ्या, मग काळ्या, आणि पहिल्या वळणापलीकडे काही नाही. नवऱ्याची ती सवय तिला आठवली. घंटी वाजली की हातातलं काम टाकून तो आधी हसायचा आणि मग आडोसा शोधायचा. त्या दिवशीही हसलाच असेल. तिनं हाक मारायला तोंड उघडलं. आतून वारा आला आणि तिच्या तोंडावर बसला. हाक निघाली नाही.

"काय म्हणतो?" तळव्यांच्या आडून म्हातारीनं विचारलं.

आर्लिन आईसमोर गुडघ्यांवर बसली. तिचे हात धरून डोळ्यांवरून खाली घेतले.

"काही म्हणत नाही, आई. तो आत नाही. तो मेला. तुझी घंटी ऐकून तो बाजूला झाला, तुला वाट दिली, आणि तिथंच मेला."