नीलम्माच्या न मरणाऱ्या वांग्याचं गाडगं

मित्रांनो, मी एक जुनं गाडगं हाय. माझ्या पोटातलं बी कधी वाया जात न्हाई, असं मी लय फुगून सांगायचं. आता माझ्यात चुना भिजतो.

ताडकळसच्या बाजारातून मला नीलम्मानं आणलं. त्या साली तिच्या मळ्यात वांग्याला मर लागली. जमिनीतली बुरशी मुळात शिरायची, आन् सकाळी हिरवंगार दिसणारं झाड दिवस मावळता मान टाकायचं. सगळा वाफा वाळला. एकच झाड उभं राहिलं. त्याचं एकही वांगं नीलम्मानं भाजीला तोडलं न्हाई. पिवळी होऊस्तोर पिकवली, बी धुतलं, वाळवलं, राखेत घोळून माझ्यात भरलं. पुढं दरसाल त्याच रानात तिची वांगी तगायची.

शेजारची मनकर्णा आली. "अक्का, चिमूटभर बी द्या. आमचा वाफा पार झोपलाय."

"बी दिलं की घरची बरकत जाते, बाई. वांगी ने टोपलंभर."

"वांगी खाऊन मर थांबती व्हय?"

शिंक्यात बसून मी खुशाल ऐकलं.

मग रझाकारांची धामधूम आली. गाव सोडताना नीलम्माच्या नवऱ्यानं, रामलिंगअप्पानं, मला परसात पुरायला घेतलं.

"अवो, पावसाळा हाय! त्यात बी हाय, सोनं न्हाई."

"सोन्यापरीस जास्त जपायलीस की. मग सोन्यावानीच पुरतो!"

नीलम्माची सोन्याच्या पुतळ्यांची माळ मात्र घाईत चुलीपाशीच राहिली.

निजामाचं राज्य गेलं, माणसं परतली. माळ गेलेली. मला उकरलं. ज्या झाडांना बुरशीनं कधी हरवलं न्हाई, त्यांचं बी माझ्या पोटात बुरशीनंच काळं पडलं होतं. नीलम्मानं मला ओसरीवर ठेवलं. मग मनकर्णाच्या दारात गेली.

"आमच्या वांग्याचं बी कधी धरलं होतंस का गं?"

"तुमी कोवळी वांगी दिली, अक्का. कोवळ्यात बी कुठलं धरायचं?"

माझ्या बुडाच्या राखेत थोडं बी धड निघालं. नीलम्मानं ते वाफ्यात टाकलं. रोपं आली, पण मोजकीच.

मित्रांनो, चांगलं बी एकाच गाडग्यात कोंडू नका. शेजारणीला द्या, तिला पुढं देऊ द्या. गाडग्याचा काय भरवसा?

नीलम्मालाही ते पटलं. अर्धी रोपं मनकर्णाला द्यायची म्हणून ती काल तिला बोलवायला गेली. तेवढ्यात रामलिंगअप्पानं हौसेनं वाफा खुरपला. तण समजून सगळी रोपं उपटली आन् म्हशीला टाकली.