दुसरा घाव

जुनी द्राक्षवेल जमिनीतून काढायची म्हणजे तिला आधी अर्धी मारावीच लागते. सुलोचना खैरनारने पहिल्या वेलीचे दोन्ही ओलांडे, तारेवरचे तिचे आडवे हात, करवतीने कापून फेकले, तेव्हा रुपेशने तोंड वाकडं केलं. मांडवाच्या गंजक्या तारांवर वर्षानुवर्षं हात पसरून उभी असलेली वेल. तिचं आता गुडघ्याएवढं थोटूक उरलं होतं. सुलोचनाने त्याभोवती चर खणला. मुळं उघडी पडली, तशी ती कुऱ्हाडीने एकेक तोडत गेली. मनगटाएवढी मुळं कडाडत तुटायची आणि ओल्या मातीचा वास वर यायचा.

"मावशी, एवढं तोडल्यावर ती जगणार आहे का?"

"जगेल. पानं गाळून झोपलीय ती. आत्ता कापलं तर सोसते. फाल्गुनात कापलीस तर नुसतं पाणी गळत राहील." तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "पहार लाव खालून. जोर कर, लॅपटॉप नाहीये तो."

रुपेश हसला. तिच्या बहिणीचा हा मुलगा मोहालीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला आणि जवळच मनीमाजऱ्यात तिच्याकडेच राहायला आला. सुलोचना मूळची सटाण्याची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. सैन्यात नर्सिंग ऑफिसर म्हणून तिने सगळा देश पाहिला, शेवटची बदली इकडे झाली आणि मेजर म्हणून निवृत्त झाल्यावर ती इथेच राहिली. गच्चीवर तिने पिंपळ, पिलखन, डाळिंब अशी बोन्साय वाढवली होती. द्राक्ष मात्र नव्हतं. कोवळ्या वेलीचं बोन्साय तिला पोरकट वाटे. तिला म्हातारं, पिळवटलेलं, साल सुटलेलं खोड हवं होतं.

ते मिळालं पिंजौरच्या पुढे. गुरचरण कौर, सगळ्यांच्या बीबीजी, ही तिची जुनी पेशंट. तिच्या नवऱ्याने हौसेने लावलेली बाग तो गेल्यावर वाळत चालली होती. आता जमीन सपाट करायची होती. "जेसीबी येण्याआधी हव्या तेवढ्या वेली घेऊन जा," बीबीजींनी फोनवर सांगितलं होतं. दिराचा मुलगा जगतार जमिनीवर हक्क सांगतो, जरा गरम डोक्याचा आहे, हेही सांगितलं होतं. पण तो हल्ली तिकडे फिरकत नाही, असं त्यांना वाटत होतं.

जानेवारीतलं धुकं दुपार झाली तरी पुरतं हटलं नव्हतं. दोन वेली गोणपाटात गुंडाळून भाड्याच्या पिकअपमध्ये चढवून झाल्या. पिकअपवाला चहा प्यायला म्हणून रस्त्यापर्यंत गेला होता. तिसरी वेल सगळ्यांत जुनी होती, मांडीएवढ्या खोडाची, मधोमध पोकळ. तिच्या मुळांशी सुलोचना बराच वेळ झुंजली. शेवटचं मूळ तुटलं आणि ती वेल बाजूला कलली, त्याच वेळी बांधावर जीप येऊन थांबली.

तिघे उतरले. पुढचा धिप्पाड होता, दाढी वाढलेली, हातात गंडासा. लांब दांड्याला रुंद पातं बसवलेलं हे हत्यार सुलोचनाने आजवर जखमांवरूनच ओळखलं होतं. मागच्या एकाकडे काठी होती. तिसरा ड्रायव्हर, तो जीपजवळच थांबला.

"किससे पूछ के काट रहे हो?"

"बीबीजींना विचारून," सुलोचना हिंदीत शांतपणे म्हणाली. "तुम्ही जगतार ना? फोन लावते, बोला त्यांच्याशी."

"बीबीजी कौन होती है?" जगतार ओरडला. "माझ्या बापाची जमीन आहे. आज झाडं नेताय, उद्या कंपाउंड घालाल."

रुपेश मध्ये आला. "भाईसाब, यार, दोन-तीन वेली आहेत फक्त. पक्का, नाही घालत कंपाउंड—"

काठीवाल्याने त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. काठी रुपेशच्या कोपराखाली बसली आणि सुलोचनाला हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. रुपेश गुडघ्यावर पडला. काठी पुन्हा उठली, पाठीत बसली. जगतार मात्र त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. तो त्या तिसऱ्या वेलीकडे वळला होता आणि गंडाशाने तिला तोडत होता. ढलप्या उडत होत्या. पोकळ खोड उभं फाटलं. "ले जा अब," तो दर घावाला म्हणत होता. "ले जा, ले जा."

मग तो रुपेशकडे वळला. गंडासा अजून वरच होता.

सुलोचनाच्या हातात चर खणायचं फावडं होतं. मुळं तुटावीत म्हणून तिने सकाळीच कानशीने त्याला धार लावली होती. तिने ते दोन्ही हातांनी फिरवलं. पहिला घाव जगतारच्या मनगटावर बसला. गंडासा मातीत पडला. काठीवाला दचकून मागे सरला, तिच्या चेहऱ्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि शेतातून धूम ठोकली.

जगतार मनगट छातीशी धरून मागे मागे जात होता. "बस," तो म्हणाला. "बस, बस."

ते तिला स्पष्ट ऐकू आलं. त्याचे हात रिकामे होते. रुपेश जमिनीवर विव्हळत होता, पण जिवंत होता. इथेच सगळं संपत होतं.

सुलोचनाने दुसरा घाव घातला. फावड्याची धार जगतारच्या मांडीत आतल्या बाजूने घुसली. तिने ते ओढून काढलं.

रक्त उसळलं. लालभडक, ठोक्याठोक्याने उडणारं. जगतार बसला, मग आडवा झाला. आपल्या मांडीकडे तो आश्चर्याने पाहत राहिला.

आता काय होणार, हे तिथे फक्त सुलोचनाला ठाऊक होतं. मोठी रक्तवाहिनी तुटली होती. त्याच्याकडे मिनिटंच होती. तिने फावडं टाकलं, त्याच्या जांघेत मूठ रोवली आणि सगळं वजन त्यावर टाकलं. रक्ताचा जोर ओसरला. "पट्टा!" ती जीपजवळच्या ड्रायव्हरवर ओरडली. "तेरा बेल्ट निकाल! इधर आ!" वॉर्डात उभं आयुष्य चालवलेला आवाज होता तो. ड्रायव्हर पट्टा काढत धावत आला; तिने तो जखमेच्या वर आवळून घेतला, पण मूठ काढली नाही.

जीपमध्ये मागे जगतार, त्याच्यावर ओणवी सुलोचना, पुढे मोडलेला हात मांडीवर घेऊन बसलेला रुपेश. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला तिची मूठ सरकायची आणि गरम रक्त कोपरापर्यंत यायचं. जगतारने तिला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मग शिव्या थांबल्या. त्याने धडक्या हाताने तिची ओढणी घट्ट पकडली आणि आईला हाका मारायला लागला.

"झोपू नकोस," ती हिंदीत सांगत राहिली. "मेरी तरफ देख. देख इधर."

तो वाचला. पाय राहिला, पण गुडघ्याखाली त्यात जीव नव्हता. डॉक्टर म्हणाले, काठीशिवाय चालणं आता अवघडच.

ठाण्यात रुपेशने जबानी दिली. हल्ला झाला, मावशीने बचावासाठी वार केला, झटापटीत तो मनगटावर आणि मांडीवर लागला. ठाणेदाराने मान डोलावली. हत्यारं घेऊन आलेले पुरुष, समोर निवृत्त फौजी बाई, वर तिनेच त्याला दवाखान्यात पोचवलेलं. सगळं सरळ होतं. काठीवाला सापडला नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, मी काही पाहिलं नाही.

घरी आल्यावर सुलोचनाने नखांतलं रक्त ब्रशने घासून काढलं. पिकअपवाल्याने दोन्ही वेली प्रामाणिकपणे आणून जिन्याशी टाकल्या होत्या. रुपेशने एका हाताने त्या कशाबशा कुंड्यांत लावल्या. ती तिकडे गेलीच नाही. आयुष्यभर ती माणसं शिवत आली होती. गोळीने फाटलेली, सुरुंगाने फाटलेली. माणसाला माणूस असा कसा फाडू शकतो, असं तरुणपणी तिला वाटायचं. आता ते तिच्या खांद्यांना माहीत झालं होतं. पहिला घाव घालताना ती घाबरली होती. दुसरा घालताना तिला बरं वाटलं होतं.

ती जगतारला भेटायला गेली. त्याची आई वॉर्डाबाहेर औषध आणायला गेली होती. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिला ओळखून तो हळूहळू वळला.

"मी बस म्हणालो होतो," तो म्हणाला.

"हो. ऐकलं मी."

"मग दुसरा का मारला?"

तिने वाटेत उत्तरं तयार केली होती. भाच्याचा हात, घाबरलेलं डोकं, क्षणाचा भर. ती सगळी तिने बाजूला ठेवली.

"मारावासा वाटला म्हणून," ती म्हणाली.

जगतारने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

तिथून ती थेट ठाण्यात गेली. ठाणेदाराने तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतल्यावर कपाळाला हात लावला. "मॅडमजी, तुम्हाला कळतंय का काय सांगताय? त्याच्यावर केस आहे. तुमच्यावरही होईल. घर जाइए."

"लिहून घ्या," सुलोचना म्हणाली. "पहिला घाव बचावाचा होता. दुसरा नव्हता."

रुपेश संतापला. प्लास्टरमधला हात टेबलावर आपटून तो ओरडला, "त्याने मला मारून टाकलं असतं! आणि तू त्याच्यासाठी तुरुंगात जाणार? मी खोटा ठरलो, मावशी, कळतंय का?"

"तू मला वाचवायला बोललास. मी मला ओळखते म्हणून बोलले."

"मग पेन्शन जाईल, नाव जाईल, जाऊ दे सगळं!"

तो कितीतरी दिवस तिच्याशी जेवणापुरतंच बोलला. बीबीजींचे फोन बंद झाले. पिंजौरच्या त्या शेतावरून जेसीबी फिरला, असं पिकअपवाल्याकडून कळलं.

दोन्ही केसेस उभ्या राहिल्या. पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात जगतार कुबडीवर उभा होता, आईच्या खांद्यावर हात टाकून. सुलोचना समोरून येताना दिसली आणि ती म्हातारी मुलाला सोडून पुढे आली. तिने सुलोचनाच्या थोबाडीत मारली. सुलोचनाचा चष्मा उडून फरशीवर पडला. मग दुसरी मारली, मग तिसरी. सुलोचनाचा ओठ फुटला.

रुपेश धावत पुढे आला. सुलोचनाने हात आडवा करून त्याला अडवलं.

"थांब."

"मावशी—"

"थांब म्हणते ना."

म्हातारीचा हात चौथ्यांदा उठला आणि हवेतच थांबला. पोलीस आला, तिला धरून बाजूला नेलं. जगतार कुबडी घट्ट धरून खाली बघत होता. आतून सुलोचनाचं नाव पुकारलं गेलं. तिने रुमालाने ओठ टिपला आणि आत गेली.