सुंदराबाईंचा ताल मी चुकवला

मी पावस गावाजवळच्या एका वाडीतल्या दोन खोल्यांच्या घरातला संगणक बोलतोय. बोलायचं म्हणजे कबुलीच द्यायची आहे.

माझी पहिली दहा वर्षं रत्नागिरीत एका टायपिंग क्लासमध्ये गेली. क्लास बंद झाला तेव्हा तिथे शिकवणाऱ्या दीप्तीने मला रिक्षात मांडीवर धरून घरी आणलं. नवं विंडोज माझ्या जुन्या अंगाला झेपेना, म्हणून तिने माझ्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली. मला पुन्हा उभारी आली. पत्रं, मुलांचे दाखले, वाडीतल्यांचे ऑनलाइन अर्ज अशी कामं मी करू लागलो.

दीप्तीची आई सुंदराबाई. अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता सत्तरीला आल्यात. पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या वर्षावासात बुद्धविहारात ग्रंथवाचन संपलं की सुंदराबाईंचं एक गाणं ठरलेलं. गाणी त्यांच्या नवऱ्याची, रामजी मास्तरांची. मास्तर जाऊन बारा वर्षं झाली. अकरा गाण्यांचे शब्द वहीत होते, पण चाली फक्त सुंदराबाईंच्या गळ्यात. त्यांच्या मागे झील धरायला, म्हणजे ओळीचा शेवट उचलून गायला, शेजारच्या गोदूबाई असायच्या. दोघी चाळीस वर्षं एकत्र गात आल्या होत्या.

आंब्याच्या दिवसांत सुंदराबाईंचा मुलगा सुहास मुंबईहून रजेवर आला. तो ढोलकी छान वाजवतो. येताना माइक, हेडफोन आणि आवाज आत घेणारी एक डबी घेऊन आला होता. "आये, बाबांची सगळी गाणी आपण रेकॉर्ड करून ठेवू," तो म्हणाला. सुंदराबाईंनी त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं.

इथेच माझ्याकडून गुन्हा घडला. आवाज मी धारेसारखा वाहू देत नाही. आधी एका खणात साठवतो, खण भरला की पुढे सोडतो. त्याला बफर म्हणतात. खण लहान असला तर आवाज झटकन पोचतो, पण मला फार धावपळ करावी लागते. सुहासने आधी खण लहान ठेवला. इतर कामं बाजूला सारून आधी आवाज बघायची परवानगी मला कुणी दिलेली नव्हती, त्यामुळे मी धापा टाकू लागलो आणि हेडफोनमध्ये कडकड ऐकू आली. सुहासने खण मोठा केला, मग आणखी मोठा. कडकड थांबली. तो खूश झाला, मीही निवांत झालो.

त्याने आधी ढोलकी वाजवून भरून घेतली. मग सुंदराबाईंच्या कानांवर हेडफोन चढवले. त्या गायल्या. त्यांच्या तोंडून शब्द निघे, आणि मी तो त्यांच्याच कानात सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचवत होतो. आपलाच आवाज मागून येतोय म्हटल्यावर त्या त्याच्यासाठी थांबत, आणि ढोलकी पुढे निघून जाई.

"आये, मागं पडतेस."

"परत लाव."

"आये, परत मागं पडलीस. ढोलकीकडं लक्ष दे ना जरा."

चार वेळा झालं. तो उशीर पडद्याच्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत मी दाखवत होतो. आकडा दाखवला की आपलं काम झालं, असं मला वाटत होतं. तिकडे कुणीच बघितलं नाही. पाचव्या वेळी सुंदराबाईंनी हेडफोन काढले, केस नीट केले आणि म्हणाल्या, "ऱ्हावंदे. वय झाला माजा. ताल गेला."

पावसाळा आला. वर्षावासात त्या विहारात मागच्या ओळीत बसून राहिल्या. कुणी आग्रह केला तर, "घसा बरा नाय," म्हणायच्या. स्वयंपाक करताना गुणगुणायच्या, तेही थांबलं. घर किती गप्प झालंय, हे मी टेबलावरून ऐकत होतो.

भाद्रपदात गोदूबाई काठी टेकत आल्या आणि माझ्या शेजारच्या खाटेवर बसल्या. "उद्या पोरगा मुंबैला नेतोय. ऑपरेशन हाय," त्या म्हणाल्या. "सुंदरे, जाताना मास्तरांचा ता पिंपळाचा गाना म्हन गो एकदा."

"नको गो. माजा ताल नाय ऱ्हायला."

"मी टाळ्या देतंय. तू म्हन."

गोदूबाई खरंच टाळ्या देत राहिल्या, बराच वेळ. सुंदराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसल्या. शेवटी गोदूबाईंचे हात दमले. "बरा, आल्यावर म्हन," म्हणून त्या उठल्या. त्या परत आल्या नाहीत. आठ दिवसांनी मुंबईहून निरोप आला.

मी तेव्हा चालू होतो. सुंदराबाई चुकलेल्या नाहीत, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. पण विचारल्याशिवाय बोलायची माझी जातच नाही.

दिवाळीनंतर दीप्ती तिच्या विद्यार्थ्यांसाठी एक धडा बोलून भरत होती. सुहास ठेवून गेला होता ते माइक-हेडफोन लावून ती "नमस्कार" म्हणाली आणि अडखळली. पुन्हा म्हणाली, पुन्हा जीभ वळेना. तिने पेन्सिल टेबलावर आपटली. टक. आणि मागून कानात दुसरा, टक. तिने पुन्हा आपटून बघितली. पुन्हा दोन टक. मग हळूच म्हणाली, "आयेचं पण असंच झालं."

तीन दिवस ती माझ्यामागे लागली. इंटरनेटवर लोकांनी लिहिलेलं वाचून तिने मला आवाजाला पहिला मान द्यायची परवानगी दिली. वीज वाचवायला मी मधेमधे डुलकी घ्यायचो, ती बंद केली. खण लहान केला. कडकड आली, तेव्हा वायफायची कांडी त्या डबीच्या शेजारून काढून मागे लावली. आवाज साफ झाला. आता पेन्सिलीचा टक एकच ऐकू येत होता. एवढंच तर करायचं होतं.

दीप्तीने आईला सगळं समजावून सांगितलं. सुंदराबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हातातली घडी अर्धीच राहिली.

"म्हंजे गोदू हितं बसली व्हती, तवा माज्याकडं ताल व्हता?"

दीप्तीने त्या घडीचं दुसरं टोक धरलं.

सुहास शनिवारी आला. चप्पल काढून सरळ आईसमोर बसला. "आये, माझं चुकलं. तुला चार वेळा बोललो मी."

"तुजा काय? त्या खोक्याचा चुकला," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं.

मग त्या गायल्या. दोन दिवसांत अकराही गाणी झाली, एकदाही ताल न सोडता. पिंपळाच्या गाण्यात झील येते तिथे त्या थांबल्या. ढोलकी चालू, गळा गप्प, आणि मग नेमक्या मात्रेवर पुढची ओळ. सुहास म्हणाला, "तिथं दीप्तीचा आवाज घालूया का?"

"नको. ती गोदूची जागा हाय."

ती गाणी आता माझ्यात आहेत, आणि एक प्रत सुहासकडे आहे. मी म्हातारा झालोय, पंखा घरघरतो, कधी बंद पडेन सांगता येत नाही. जाण्याआधी एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी माइकसमोर अडखळलं, तर 'तू चुकतेस' म्हणायच्या आधी माझ्यासारख्याला एकदा तपासून बघा. आम्ही आपणहून कबुली देत नाही.

सुंदराबाई रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसतात. कोपरेसुद्धा सोडत नाहीत. पुसता पुसता गुणगुणतात. मला अजून त्यांनी एक शिवीही दिलेली नाही.