कपाटामागून आलेला धूर

मित्रांनो, गोदामाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जे धूड दिसते आहे ना, तोच मी. गटारांच्या नळांत धूर सोडणारा जुना पंखा. घाबरू नका, माझा धूर आगीचा नव्हे.

एका छोट्या कारखान्यात मी घडलो. पोटात पाती, पाठीवर इंजिन. नगरपालिकेने मला आणून मुकादमाच्या हवाली केले. तो मला मॅनहोलवर बसवी आणि धुराची कांडी पेटवी. मग मी जोराने फुंकर घालीत असे. पांढरा धूर जमिनीखालून धावत सुटे आणि जिथे नळ फुटका असेल तिथून वर डोके काढी. रस्ता न खणता दुखणे सापडे. मुकादम आधी घरोघरी सांगून येई, तरी कोणी ना कोणी बादली घेऊन धावत येईच.

एका गल्लीत एक आजी राहत होत्या. आपल्या खोलीत घाण वास येतो, डोके दुखते, असे त्या सारखे सांगत. येता-जाता डोकावणाऱ्यांना तो जाणवत नसे. सुनेने खोली धुऊन पाहिली. मुलगा म्हणे, वयाने असे भास होतात. शेवटी आजींना दूरगावी असलेल्या लेकीकडे ठेवायचे ठरले. त्यांना जायचे नव्हते, पण बोचके बांधून झाले होते.

त्या निघणार त्याच सकाळी मी त्यांच्या दारापुढे फुंकर घातली आणि त्यांच्या कपाटामागून धूर निघू लागला. मुकादमाने आणि मुलाने कपाट सरकवले. तिथे पूर्वी मोरी होती. ती बुजवताना नळाचे तोंड उघडेच राहिले होते. गटारातली हवा थेट आजींच्या उशाशी येत होती.

"आई, तू सांगत होतीस आणि आम्ही तुलाच वेड्यात काढलं," मुलगा खालच्या आवाजात म्हणाला.

आजी धुराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दिसलं ना आता? मग ते बोचकं सोड."

नळाचे ते तोंड बुजवून झाल्यावर त्या बाहेर आल्या. माझी पाठ तापलेली होती, म्हणून हाताला पदर गुंडाळून त्यांनी मला थोपटले. असे मला आणखी कुणी कधी थोपटले नाही.

पुढे मुकादम निवृत्त झाला, नवे यंत्र आले. माझी पाती गंजली, कडेचे रबर तडकले. बाहेर गाडी थांबली की अजून वाटते, मलाच न्यायला आली.

मित्रांनो, जमले तर आमच्यासारख्यांना अधूनमधून तेल घाला. आणि घरातले कोणी काही खुपते म्हणाले, तर त्याच्यापाशी घडीभर बसा. धूर दिसेपर्यंत थांबू नका.