उतारावर उभी केलेली गाडी

बाबांनी मेकॅनिकला परस्पर फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. मला ते काकांच्या फाटकापाशी पोचल्यावर कळलं.

"घरचीच गाडी आहे गं," बाबा म्हणाले. "थोरल्या भावाच्या दारात तपासायला माणूस न्यायचा म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखंच."

आमच्याकडे हे असंच. काका बोलले की विषय संपला. पण या वेळी प्रश्न आईचा होता. तिला रोज सकाळी रेडिएशनला न्यायचं होतं, आणि त्यात खंड पडता कामा नये असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बसचे धक्के खायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. म्हणून गाडी.

ती फाटकाबाहेर उतारावर उभी होती, तोंड खालच्या बाजूला, पुढच्या चाकांना दगड लावलेले. आतलं सपाट अंगण रिकामं होतं. मला जरा नवल वाटलं, इतकंच.

मी वाकून टायर पाहिले. सगळे सारखे झिजलेले. दारांच्या फटी सारख्या. पायाखालचं मॅट उचलून वास घेतला, ओल नव्हती. गाडी चांगली निघावी असं मलाही वाटत होतंच.

"दातही मोज," काका हसले. "पोरगी गाडी बघतेय की बैल?"

टपावर दव होतं. बॉनेट मात्र कोरडं. मी हात ठेवला. कोमट.

"काका, सकाळी बाहेर नेली होती का?"

"छे! परवापासून जागची हललेली नाही."

"मग इंजिन गरम कसं?"

काका खिशात किल्ली शोधू लागले. बाबा पुढे आले. त्यांनी बॉनेटवर पंजा टेकवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, मग हात रुमालाला पुसला.

"ऊन लागलं असेल," ते म्हणाले.

ऊन अजून समोरच्या भिंतीवरून खाली उतरलं नव्हतं.

"गार झाल्यावर एकदा सुरू करून बघू या," मी म्हणाले. "मी दुपारी परत येते."

"फार शिकवलंस हिला," काका बाबांना म्हणाले. "आता आपली शिकवणी घेतेय."

"पुरे," बाबा म्हणाले. काकांना नाही, मला.

काकांनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. "ऐका आवाज!" ते म्हणाले, आणि व्यवहार ठरला.

कागदपत्रं होऊन गाडी आमच्याकडे आली ती आईच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. काकांनी स्वतः चालवत आणून सोडली. आमची गल्ली ताटासारखी सपाट.

सकाळी आई फाइल मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा. पुन्हा. शेवटी त्यांनी काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अरे, थंडीत जरा कुरकुरते ती," काका जांभई देत म्हणाले. "उतारावर लावत जा. आम्ही तेच करायचो. सोडली की आपोआप सुरू होते."

"आमच्याकडे उतार कुठे आहे, दादा?"

"मग ढकल. चार हात लागले की झालं."

बाबांनी फोन ठेवला. मग आईने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं," बाबा म्हणाले. आरशात त्यांची आणि आईची नजर भेटली असावी, कारण ते पुढे म्हणाले, "हात ठेवला तेव्हा शंका आली होती. पण दादाच्या दारात उभं राहून कसं बोलायचं?"

"बरोबर आहे," आई म्हणाली. "परक्याची असती तर तुम्ही खाली घुसून बघितली असती."

"आता ते उकरू नकोस. उशीर होतोय." बाबा माझ्याकडे वळले. "तू मागून ढकल. आणि तू जरा उतर गं, वजन कमी होईल."

हे दुसरं वाक्य आईला होतं.

आई उतरली. दार हळूच लावलं, शाल डोक्यावरून घेतली आणि बसथांब्याच्या दिशेने चालू लागली. एका हाताने कुंपणाचा आधार घेत होती.

"अगं, कुठे निघालीस? होतेय सुरू!"

मी धावत जाऊन तिच्या हातातली फाइल घेतली आणि तिला माझा खांदा दिला. कोपऱ्यावर वळेपर्यंत मागून किल्ली फिरवल्याचा आवाज येत होता. आईने एकदाही मागे पाहिलं नाही.