जाड पायांची अक्षरं

माझा नवापूरचा छापखाना फ्लेक्सनं गिळला तेव्हा मशीन भंगारात गेलं, पण पोस्टरची लाकडी इंग्रजी अक्षरं मी दिली नाहीत. पंजाएवढी, जाड, शाई पिऊन काळी झालेली. प्रत्येकाच्या डोक्याशी आणि पायाशी चौकोनी पट्टी, बूट घालून उभी असल्यासारखी. नखरा त्यांना ठाऊकच नाही. सर्कस असो, सेल असो, सभा असो, चौकातून ओरडून सांगायची.

आता ती दाबून मी इथल्या ख्रिस्ती थडग्यांच्या सिमेंटच्या लाद्या करतो. नाजूक अक्षर ओल्या सिमेंटात तिरकं बसतं, काढताना कडा उपटतं. हे मात्र तेल लावून दाबलं की सरळ उतरतं आणि वीस पावसाळे वाचता येतं. अट एकच, सिमेंट ओलं हवं. मे महिन्यात म्हणजे जेमतेम अर्धा तास.

चिंचपाड्याची नानीबाई नवऱ्याच्या लादीसाठी आली ती मे महिन्यातच. रेवजी रेल्वेत गँगमन होता. पासावर होतं तसंच इंग्रजी नाव तिला हवं होतं. मी पाच अक्षरं दाबली. खाली हातभर जागा उरली.

"आठे मन्हं नाव टाक, हेमकांतभाऊ," ती म्हणाली.

"माय, तू जित्ती शेस."

"सकाय पोऱ्या माले सुरत लई जाई. मी तठेच मरसू, तठेच गाडतीन. यान्हा जोडे नाव तरी ऱ्हाऊ दे. देखीसन जासू."

जित्या माणसाचं नाव थडग्यावर? असलं अभद्र काम माझ्या हातून होणार नाही, मी म्हणालो. जाण्याआधी डोळ्यांनी बघायचंय म्हणत ती विनवत राहिली, मी शहाणपण शिकवत राहिलो. लोक काय म्हणतील, पोरगा काय म्हणेल. शेवटी ती लादीशेजारी मातीत बसली. मला तिच्याकडे बघवेना. मी N उचललं, तेल लावलं, दाबलं.

उमटलं नाही. सिमेंट आळलं होतं.

तिनं अक्षर माझ्या हातून घेतलं, लादीवर ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी सगळं अंग त्यावर टाकलं. तेलाचा डाग तेवढा पडला.

"दुसरी लादी ओतसू ना, माय. आठ दिनमां बसाडसू."

"मी कोठे देखसू?" तिनं अक्षर पदरानं पुसून परत दिलं. मला स्वतःची लाज वाटली.

सकाळच्या गाडीनं ती गेली. आठ दिवस गेले, पावसाळाही गेला, दुसरी लादी मी ओतली नाही. आज करू, उद्या करू.

नाताळाआधी कबरस्तानात एक लादी बसवत होतो, तिथं तिचा मुलगा भेटला. आई ऑगस्टमध्येच वारली, सुरतेलाच पुरली, म्हणाला. बापाच्या लादीवरची धूळ झाडता झाडता त्यानं विचारलं, नावाखाली एवढी जागा रिकामी का सोडली?

मी म्हणालो, अशीच पद्धत असते.