कपाळावरचं जादा हाड

बिदर जिल्ह्यातल्या हुलसूरच्या चंद्रम्माच्या कपाळावर, दोन भुवयांच्या जरा वर, टेंगूळ आलं तेव्हा "हे काय झालं?" म्हणून विचारणारंही घरात कोणी नव्हतं. नवरा वारलेला, मुलगा किरणकुमार बंगळूरला. रविवारी त्याचा फोन यायचा. "जेवलीस का?" "जेवले." मग पुढं काय बोलावं ते दोघंही शोधत बसायचे. बाकीचे दिवस चंद्रम्मा टीव्हीशी बोलायची. तो मधेच जाहिराती लावतो, एवढीच तिची तक्रार होती.

टेंगूळ टणक होतं, पण दुखत नव्हतं. आंघोळ करून विभूती लावली की तिन्ही पट्टे त्या उंचवट्यावरून चढून उतरायचे आणि ते चांगलंच नजरेत भरायचं. एकदा शेजारच्या भागाबाईचा तान्हा नातू रडून रडून लालबुंद झाला होता. चंद्रम्मानं त्याला उचललं, त्याचं कपाळ आपल्या कपाळाला टेकवलं, आणि पोर गप्प झालं. रडून दमलं की कुठलंही पोर गप्प होतं, पण हे भागाबाईला कोण सांगणार!

"अक्काला शिवाचा तिसरा डोळा फुटायलाय," तिनं नळावर जाहीर केलं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट बाजारभर झाली होती.

पुढच्या सोमवारी चार बायका आल्या. महिन्याभरात दारात चपला मावेनात. किरकिरी पोरं, डोकं धरून आलेले म्हातारे, आणि काही बायका नुसत्याच, बसायला. चंद्रम्मा कुणाकडून नारळसुद्धा घेत नसे. असले चमत्कार लिंगायत शरणांच्या, म्हणजे संतांच्या, शिकवणीत बसत नाहीत, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. माझ्यात देव आलाय असं ती कधी म्हणाली नाही. फक्त, नाही आला, असंही म्हणाली नाही. सोमवारी सकाळी ती पातेलंभर चुरमुऱ्यांचा सुसला करायची, चहाचं आधण ठेवायची, आणि घरात गलका झाला की तिला फार फार बरं वाटायचं.

मग डोकं ठणकू लागलं. डावा डोळा खाली ढकलल्यासारखा दिसू लागला. एका सोमवारी तिला एकेकाच्या जागी दोन-दोन माणसं दिसली. घर दुप्पट भरलं म्हणून आधी तिला आनंदच झाला, पण दिसणाऱ्या दोन कपांतल्या भलत्याच कपात ओतलेला चहा भागाबाईच्या मांडीवर सांडला तेव्हा बोंबाबोंब झाली. भागाबाईनंच किरणकुमारला फोन केला. तो आला आणि आईला बिदरला घेऊन गेला.

नाक-कान-घशाच्या डॉक्टर सौम्यांनी सीटी स्कॅन दाखवला. कपाळाच्या जागी एक पांढराशुभ्र गोळा होता.

"अक्का, कपाळाच्या हाडात हवेची पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. तिच्यात हे जादा हाड वाढलंय. कॅन्सर वाटत न्हाई, घाबरू नका. लहान असतं, त्रास नसता, तर आपण नुसतं लक्ष ठेवलं असतं. पण यानं पोकळीची वाट बुजवलीय. आत चिकट पाणी साठून डोळा ढकलला जायलाय. त्याचा पू झाला तर मेंदूपर्यंत जाईल. काढावंच लागेल."

"कसं काढता?"

"केसांत चीर द्यायची, कातडी पुढं वळवायची, आणि हाड ड्रिलनं झिजवून तुकड्या-तुकड्यानं काढायचं. वण केसांत लपतो. कपाळ पहिल्यासारखं सपाट."

चंद्रम्मानं टेंगळावर हात ठेवला. "आतलं काढा की. वरचं जरासं ठेवता येत न्हाई का?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "कामून, अक्का?"

"लोक यायलेत," ती म्हणाली. किरणकुमार मान खाली घालून बसला.

ऑपरेशन झालं. तपासणीला पाठवलेले तुकडे साध्या गाठीचेच निघाले. डोळा जागेवर आला, एकाची दोन माणसं दिसायची थांबली. टाके निघाल्यावर किरणकुमार बंगळूरला गेला.

पहिल्या सोमवारी बायका आल्या, वाकून वाकून कपाळ बघू लागल्या. "काढलेलं कुठं ठेवलाव, अक्का?" एकीनं विचारलं. दवाखान्यातच राहिलं म्हटल्यावर ती अर्धा चहा टाकून उठली. त्यानंतरच्या सोमवारी एकटी भागाबाई आली, तीही आपलं पातेलं परत न्यायला. मग कुणीच नाही. "मेल्यांनो, हाडाला भेटायला येत होता व्हय!" चंद्रम्मा टीव्हीवर ओरडली. मग बराच वेळ रडली.

श्रावणातल्या एका सोमवारी दार वाजलं. ठाणाकुशनूरची शिवकन्या नावाची बाई, सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी.

"तिसऱ्या डोळ्याची अक्का हितंच राहत्यात का?"

"बसा, बसा की!" चंद्रम्मानं घाईघाईनं चटई अंथरली, चहा ठेवला. मग मुलीकडं बघितलं. उजवा गाल फुगलेला, त्याच्यावरचा डोळा वर सरकलेला.

"दोन वरसं झाली," शिवकन्या म्हणाली. "दाढच सुजली समजलो, दुखत न्हाई म्हनून कुणाला दाखवलं न्हाई. आता नाक बंद व्हायलंय. अक्काचं कपाळ लावून घ्यावं म्हनलं. तीन सोमवार यायचा नवस बोललोय."

तीन सोमवार! चंद्रम्मानं गालावर बोट दाबलं. सूज नव्हती, आत हाडच होतं, तिच्या कपाळात होतं तसं टणक. मीच ती अक्का म्हटलं, तर ही बाई पोरीचं कपाळ या सपाट कपाळालाही टेकवील आणि समाधानानं घरी जाईल. तीन सोमवार येईल. चहा उकळत होता. चंद्रम्मानं गॅस बंद केला.

"ती अक्का गेली गाव सोडून."

"कवा येतील?"

"न्हाई यायची. तिचं ते हाडच होतं, बिदरच्या डॉक्टरांनी काढलं. पोरीचंबी हाडच वाढायलंय. आजच्या आज दाखवा. बस निघायचीय, उठा!"

ती स्टँडपर्यंत त्यांच्यासोबत गेली, डॉक्टर सौम्यांचं नाव शिवकन्येकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं, दोघींना खिडकीजवळ बसवलं.

बस हलली तशी शिवकन्येनं खिडकीतून मान बाहेर काढली. "लई नाव ऐकलं होतं हो. अक्का कवा भेटल्या तर सांगा, आमी येऊन गेलो म्हनून."

"सांगते," चंद्रम्मा म्हणाली.